रॉजर पेन्स्की : मोटारींच्या एजन्सीतून शर्यतीच्या मैदानात (धागा)

तापीकाठ

ट्रकचा धंदा आणि मोटार शर्यत, या दोन्हींत पहिल्या रांगेत बसेल असं एकच नाव घ्यायचं तर ते रॉजर पेन्स्की यांचं. आपल्याकडे ट्रान्सपोर्ट, एजन्सी, गॅरेज हे घराघरातले विषय आहेत, म्हणून हा धागा काढला. माहीत असलेलं नेमकं लिहा. इंजिनाचं लिहा, हिशोबाचं लिहा. नुसतं 'ग्रेट माणूस' नको.

सुरुवात मी करतो. जन्म २० फेब्रुवारी १९३७, ओहायो राज्यातलं शेकर हाइट्स. १९५१ मध्ये, चौदाव्या वर्षी, वडिलांबरोबर इंडियानापोलिस ५०० (थोडक्यात इंडी ५००), ही अमेरिकेतली ५०० मैलांची मोठी शर्यत बघितली. १९५९ ला लीहाय विद्यापीठाची पदवी, मग अल्कोआ या अॅल्युमिनियम कंपनीत विक्रीची नोकरी. सोबत स्वतः शर्यती चालवणं. १९६१ आणि १९६२ ची अमेरिकन ग्रां प्री (फॉर्म्युला वनची शर्यत) त्यांनी ड्रायव्हर म्हणून पूर्ण केली आहे, म्हणजे मालक व्हायच्या आधी माणूस स्टिअरिंगवर बसलेला होता.

त्यांची खरी ओळख पटते ती १९६२ च्या 'झेरेक्स स्पेशल' गाडीत. १९६१ ला वॉटकिन्स ग्लेनमध्ये आदळलेली एक कूपर टी-५३ त्यांनी घेतली. ती होती एका सीटची फॉर्म्युला गाडी. स्पोर्ट्‌स कारच्या नियमात दोन सीट हव्यात असं लिहिलेलं, पण ड्रायव्हरने मध्यभागी बसू नये असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी चाकं झाकणारी बॉडी चढवली, ड्रायव्हर मधेच ठेवला, बाजूला झाकणाखाली नावापुरती एक सीट बसवली आणि रिव्हरसाइड, लगुना सेका या दोन्ही शर्यती मारल्या. नंतर नियम बदलावा लागला. झेरेक्स हे गाडीच्या कूलंटचं नाव, प्रायोजकाचं. नियमपुस्तक वाचणं आणि दुसऱ्याच्या पैशाने गाडी रंगवणं, दोन्ही पंचविसाव्या वर्षीच आलेलं होतं.

१९६५ ला ड्रायव्हिंग सोडलं, कारण फिलाडेल्फियाची शेवरोलेची एजन्सी हातात आली. १९६६ ला डेटोना २४ तासांत कॉर्व्हेट घेऊन टीम उतरली. रात्री गाडीचं नाक चेपलं, हेडलाइट गेले, तेव्हा टॉर्च टेपने बांधून गाडी पळवली आणि आपल्या वर्गात पहिली आणली.

चोपडा_गॅरेज

तापीकाठ भाऊ, ट्रान्स-अॅम या अमेरिकन शर्यत मालिकेतल्या त्यांच्या शेवरोले कॅमेरोबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

१९६७ ते ६९ चा काळ. मार्क डोनोह्यू ड्रायव्हर, आणि तोच इंजिनिअर. बॉडी हलकी करायला त्यांनी ती अॅसिडच्या हौदात बुडवली. पत्र्याची जाडी सगळीकडून थोडी थोडी खाल्ली जाते, वजन उतरतं, बाहेरून गाडी तशीच दिसते. पुढे पातळ छताला पडलेल्या सुरकुत्या लपवायला वरून व्हिनाइलचं आवरण चढवलं.

हे कोणी आपल्याकडे करायला जाईल म्हणून सांगतो, यात काय बिघडतं. पत्रा ०.९ मिमीचा ०.६ झाला की त्याचा वाकण्याला विरोध दोन तृतीयांश राहत नाही. तो जाडीच्या घनाने उतरतो, म्हणजे तीस टक्क्यांच्या आत येतो. दुसरं, दोन पत्रे एकमेकांवर जिथे स्पॉट वेल्डने जोडलेत त्या फटीत अॅसिड अडकतं. सोड्याच्या पाण्याने कितीही धुतलं तरी आत राहतं आणि सहा महिन्यांत वेल्ड आतून गंजतात. तिसरं, कडक पोलादाचे बोल्ट, स्प्रिंगा यांना अॅसिड लागलं तर हायड्रोजन आत शिरून ते ठिसूळ होतात आणि काही सूचना न देता तुटतात. नुसती बॉडी बुडवतात ती एवढ्यासाठी.

पेट्रोल भरायचा उंच मनोरा ही त्याच काळातली दुसरी युक्ती. पंप लावायला बंदी होती, गुरुत्वाने भरायला नाही. मग टाकी वर चढवली. शेताच्या टाकीचा हिशोब सगळ्यांना माहीत आहे : उंची दुप्पट केली की प्रवाह दुप्पट होत नाही, १.४ पट होतो (वर्गमूळ). तीन मीटरची टाकी सहा मीटरवर नेली तर १० सेकंदांचं काम सातच्या आसपास येतं. पण लोक नळीकडेच बघतात आणि हवेकडे विसरतात. ८० लिटर पेट्रोल आत जातं तेव्हा ८० लिटर हवा बाहेर यावी लागते. हवेची वाट अरुंद असेल तर पेट्रोल उलटं उसळतं आणि आग तिथेच लागते. गाडीला अर्थिंगची तार आधी, नळी नंतर. हा क्रम कधीच उलटा नाही.

एरंडोल_७

राम राम भाऊ. वाचायला चांगलं वाटतंय. पण एक विचारतो, इतला पैसा वना कोठेन? शर्यतीतून एवढं मिळतं का?

डिझेलदादा_भुसावळ

शर्यतीतून नाही. पैसा आला ट्रकमधून, आणि नेमका कसा ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं.

पेन्स्की ट्रक लीझिंग १९६९ ची. पूर्ण सेवेचं लीझ म्हणजे काय, तर गिऱ्हाईक ट्रक विकत घेत नाही. महिन्याचं ठरलेलं भाडं अधिक किलोमीटरचा दर. ट्रक, सर्व्हिसिंग, टायर, बिघडला तर बदली गाडी, सगळं मालकाच्या डोक्यावर. डिझेल आणि ड्रायव्हर गिऱ्हाइकाचा असू शकतो.

आता नफा कशात आहे बघा. रावेर-सावद्याची केळी १३-१४ अंशांवर घेऊन रीफर (थंड डब्याचा ट्रक) दिल्लीला निघाला आणि वाटेत वॉटर पंप गेला, तर पंपाची किंमत हा खर्चच नाही. गाडीभर माल काळा पडला तो खर्च. म्हणून लीझवाला पंप तुटायची वाट बघत नाही. किती किलोमीटरला तो जातो याची नोंद हजारो ट्रकची असते, आणि त्याच्या आधी तो बदलतो. पार्ट स्वस्तात जातो कारण खरेदी घाऊक. ट्रक चार-पाच वर्षांनी विकताना सर्व्हिसची वही पूर्ण असते म्हणून जुना ट्रकही चांगल्या भावाने निघतो. विक्रीतला हा शेवटचा पैसा धरला नाही तर लीझचं गणित कधीच बसत नाही, आणि आपल्याकडे बरेच जण तिथेच फसतात. भाडं ठरवताना पुनर्विक्रीची किंमत अंदाजाने जास्त धरतात आणि शेवटच्या वर्षी सगळा नफा जातो.

१९८८ मध्ये जनरल मोटर्सकडून डेट्रॉइट डिझेलचा ताबा घेतला. कंपनी बाजार हरवत चालली होती, पण हातात सिरीज ६० इंजिन होतं : सहा सिलिंडर एका रांगेत, आणि डिझेल किती व कधी सोडायचं ते इलेक्ट्रॉनिक कंट्रोलने. मोठ्या ट्रकमध्ये हे तेव्हा नवीन होतं. यांत्रिक पंपात टायमिंग झिजेप्रमाणे सरकतं, इथे सरकत नाही, आणि बिघाडाचा कोड वाचता येतो. २००० मध्ये ती कंपनी डेमलर-क्रायसलरला गेली. मोटार एजन्सींचा समूहही १९९९ पासून त्यांच्याकडे, आता पेन्स्की ऑटोमोटिव्ह ग्रुप नावाने.

म्हणजे एरंडोल भाऊ, शर्यतीची टीम ही पैशाची विहीर नाही. ती त्यांच्या कामाची सगळ्यांना दिसणारी पाटी आहे. ट्रकचं लीझ घेणारा मोठा गिऱ्हाईक रविवारी पिटमध्ये (शर्यतीत गाड्यांची कामं होतात तिथे) पाहुणा म्हणून येतो, स्वच्छ फरशी, एका गणवेशातले मेकॅनिक बघतो आणि सोमवारी कराराची बोलणी सोपी होतात.

शिरपूरकर

माझ्या मते या माणसाचं शिखर १९९४. इंजिनवाल्यांनी हे सावकाश वाचावं.

इंडियानापोलिसच्या नियमात दोन रस्ते होते. ओव्हरहेड कॅमचं (कॅम वर, व्हॉल्व्हच्या माथ्यावर) टर्बो इंजिन २.६५ लिटर आणि ४५ इंच पाऱ्याचा बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब. पुशरॉडचं (कॅम खाली, व्हॉल्व्हपर्यंत दांडी) इंजिन ३.४३ लिटर आणि ५५ इंच. ही सवलत ठेवली होती साध्या, कारखान्यातल्या ब्लॉकवर इंजिन बनवणाऱ्या छोट्या टीमांसाठी. पुढे ब्लॉक कारखान्यातलाच हवा ही अट सैल झाली, आणि पेन्स्कींच्या भागीदारीतल्या इलमोर कंपनीने ती ओळ वाचली. फक्त एका शर्यतीसाठी, कोऱ्या कागदावरून, पुशरॉडचं शर्यतीचं इंजिन.

आकडे मांडू. एका फेऱ्यात हवा किती जाते ते आकारमान गुणिले दाब. ३.४३ × ५५ = १८८.७. २.६५ × ४५ = ११९.३. भागाकार १.५८. म्हणजे हवा ५८ टक्के जास्त. पण पुशरॉड इंजिन साधारण १०,००० फेऱ्यांवर थांबतं, कॅमवालं १३,००० पर्यंत जातं. १.५८ × १०/१३ = १.२२. बावीस टक्के जास्त ताकद उरते. प्रत्यक्षात ते इंजिन हजार हॉर्सपॉवरच्या घरात होतं आणि बाकीचे सगळे बरेच खाली. गणित आणि ट्रॅक जुळले.

वाघूर_काठ

पुशरॉड म्हणजे आपल्या अँबेसेडरच्या १४८९ सीसीचं तेच ना? कॅम खाली ब्लॉकमध्ये, लांब दांडी वर रॉकरला?

शिरपूरकर

तत्त्व तेच. अडचणही तीच. कॅम, टॅपेट, दांडी, रॉकर, व्हॉल्व्ह अशी हलणारी साखळी लांब आणि जड. फेरे वाढले की स्प्रिंग व्हॉल्व्हला वेळेत मागे आणू शकत नाही, व्हॉल्व्ह हवेत तरंगतो, पिस्टन त्याला भेटतो आणि इंजिन संपतं. स्प्रिंग कडक केली तर दांडी लवते आणि कॅम खरवडला जातो. इलमोरने कॅम ब्लॉकमध्ये जितका वर नेता येईल तितका नेला, दांड्या आखूड केल्या. आखूड दांडी लवत नाही. सगळी हुशारी त्या काही सेंटिमीटरांत.

दुसरी बाजू गुप्ततेची. चाचण्या पेन्सिल्व्हेनियात, स्वतःच्या नॅझरेथ ट्रॅकवर, हिवाळ्यात बर्फ बाजूला सारून. मे महिन्याच्या जवळ येऊन नाव जाहीर केलं, मर्सिडीजचं. तोपर्यंत दुसऱ्या कोणाला तसं इंजिन बनवायला वेळ उरला नव्हता. टीमचा ड्रायव्हर अल अन्सर ज्युनिअरला पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा. शर्यतीत एमर्सन फिटिपाल्डी बहुतेक वेळ पुढे, पण १८५ व्या फेरीत स्वतःच्याच टीममधल्या अन्सरला एक फेरी मागे टाकायच्या नादात भिंतीवर गेला. अन्सर जिंकला, जॅक व्हिलन्यूव्ह दुसरा. नंतर पुशरॉडचा बूस्ट आधी ५२, मग ४८ केला. इंजिन एका शर्यतीनंतर कपाटात गेलं.

चोपडा_गॅरेज

आणि लगेच पुढचं वर्ष लिहा, शिरपूरकर. १९९५ ला अन्सर आणि फिटिपाल्डी, दोघेही पात्रताच मिळवू शकले नाहीत. गतविजेती टीम शर्यतीच्या रांगेतच नाही.

कारण समजून घेण्यासारखं आहे. ९४ ला हजार घोड्यांची ताकद होती, त्यामुळे गाडी वळणात किती पकडते हे नीट तपासलंच गेलं नाही. सरळ रस्त्यावर एवढा वेग मिळाला की गाडीला खाली दाबणारे पंख जास्त ठेवूनही भागायचं. ताकद सगळ्यांसारखी झाल्यावर चासीचा दोष उघडा पडला. चार वळणांच्या ओव्हलवर पुढचा टायर घसरतोय की मागचा, हे एका फेरीत चार वेळा बदलतं. एक सेटिंग बदललं की दुसरं बिघडतं. शेवटी राहल-होगन टीमकडून लोला गाड्या मागून आणल्या, पण परक्या गाडीचं सेटिंग बसवायला दिवस उरले नव्हते. गॅरेजवाल्यांनी हे लक्षात ठेवावं : इंजिन वाढवलं की ब्रेक, सस्पेन्शन, टायर यांची तपासणी आधीपेक्षा कडक करायची, सैल नाही.

तापीकाठ

मधली वर्षं थोडक्यात. १९७२ ला डोनोह्यूने मॅकलारेन चालवून टीमला पहिली इंडी ५०० मिळवून दिली. १९७३ ला पोर्शे ९१७/३०, ५.४ लिटर, बारा सिलिंडर, दोन टर्बो, ११०० हॉर्सपॉवरची गाडी. कॅन-अॅम मालिकेतल्या आठपैकी सहा शर्यती जिंकल्या. या टर्बो पोर्शेचा मूळ आजार टर्बोचा उशीर. पाय दाबल्यावर काहीच नाही, मग एकदम सगळं. डोनोह्यूने पोर्शेच्या माणसांबरोबर बसून इंधन पंपाचं माप अर्ध्या थ्रॉटलवर कसं बदलावं हे सुधारून घेतलं, तेव्हा ती चालवण्याजोगी झाली.

१९७५ ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियात सरावाच्या वेळी टायर गेला आणि डोनोह्यू वारला. बरोबर एका वर्षाने त्याच ट्रॅकवर जॉन वॉटसनने पेन्स्कीची स्वतःची पीसी-४ गाडी जिंकवली. फॉर्म्युला वनमधला त्यांचा तो एकच विजय. ७६ संपताच त्यांनी फॉर्म्युला वन सोडलं आणि सगळं लक्ष अमेरिकेत लावलं. धंद्याचा हात तिथे दिसतो. जिथे गिऱ्हाईक नाही तिथे पाटी लावायची नाही.

ड्रायव्हर रिक मिअर्सने जिंकलेल्या चारही इंडी ५०० याच टीमच्या : १९७९, ८४, ८८, ९१. २०२४ पर्यंत टीमच्या एकूण वीस झाल्या.

सातपुडा_पायथा

कौतुक सगळं मान्य, पण एक बाजू राहतेय. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांनी इंडियानापोलिसचा ट्रॅक आणि इंडीकार मालिका (इंडी ५०० जिच्यात येते ती) दोन्ही विकत घ्यायचा करार केला. १९४५ पासून तो ट्रॅक हलमन घराण्याकडे होता. त्यानंतर मैदान त्यांचं, मालिका त्यांची आणि टीमही त्यांची झाली. कुस्तीचा आखाडा, पंच आणि एक पैलवान एकाच घरचे, असं झालं. आणि प्रश्न उभे राहिलेच.

२०२४ ला सेंट पीटर्सबर्गच्या शर्यतीत त्यांचा ड्रायव्हर न्यूगार्डन पहिला आला, पण जादा ताकदीचं बटण (पुश-टू-पास) जिथे बंद असायला हवं तिथे, म्हणजे रीस्टार्टला (थांबलेली शर्यत पुन्हा सुरू होताना), त्यांच्या गाड्यांत चालू होतं. सॉफ्टवेअरमधली ती ओळ बदललेली राहिली होती. विजय काढून घेतला, टीममधला मॅकलॉफलिनही बाद. २०२५ च्या इंडी ५०० ला मागच्या अॅटेन्युएटरची, म्हणजे धडक सोसणाऱ्या भागाची, फट भरून गुळगुळीत केलेली सापडली. नियमाने त्या भागाला हात लावता येत नाही. न्यूगार्डन आणि टीममधला पॉवर यांच्या गाड्या रांगेत शेवटी गेल्या.

डिझेलदादा_भुसावळ

सातपुडा भाऊंचं बरोबर आहे, आणि मला ते गंभीर वाटतं. झेरेक्स आणि ९४ चं इंजिन हे नियमात लिहिलेलं वाचून केलेलं काम. अॅटेन्युएटरची फट भरणं हे नियमात स्पष्ट मना केलेलं काम. या दोन्हींना एका तागडीत घालू नये. २०२५ ला त्यांनी टीमचे तीन वरिष्ठ अधिकारी काढले, त्यात कित्येक वर्षं उजवा हात असलेला टिम सिंड्रिकही. ते करायलाच हवं होतं. पण पंच वेगळे असणं हा कायमचा उपाय आहे, माणसं बदलणं नाही.

पाचोरा_रोड

आपल्या देशात धंदेवाल्याने टीम काढल्याची उदाहरणं? आणि जळगाव-धुळ्याहून कोणी राष्ट्रीय पातळीवर एक गाडी उतरवायची म्हटली तर कुठून सुरू करायचं?

शिरपूरकर

विजय मल्ल्या यांनी २००७ च्या शेवटी स्पायकर ही फॉर्म्युला वन टीम घेतली, २००८ पासून फोर्स इंडिया. २००९ ला बेल्जियममध्ये पोल आणि दुसरा क्रमांक, म्हणजे टीम वाईट नव्हती. पण ती मालकाच्या इतर धंद्यांच्या तब्येतीला बांधलेली राहिली आणि जुलै २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रशासकाकडे गेली. मला जास्त जवळचं वाटतं ते कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांचं काम. मारुती ८०० चं इंजिन घेऊन फॉर्म्युला मारुती बांधली, त्यामुळे शर्यत परवडणारी झाली. तिथला ट्रॅक आज त्यांच्या नावाने आहे.

चोपडा_गॅरेज

पाचोरा भाऊ, क्रम असा. आधी एफएमएससीआय (देशातल्या मोटार शर्यतींची संघटना) हिच्या संलग्न क्लबमार्फत स्पर्धेचं लायसन्स. मग त्या वर्षीचं नियमपुस्तक, छापून, पेन घेऊन वाचायचं. मग गाडी. बरेच जण उलटं करतात, गाडी आधी घेतात आणि ती कुठल्याच वर्गात बसत नाही.

गाडीत पहिला खर्च केजचा, म्हणजे गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणाऱ्या पाइपांच्या पिंजऱ्याचा. मेन हूपला (सीटमागच्या मोठ्या कमानीला) ४५ × २.५ किंवा ५० × २.० मिमी (व्यास × जाडी), बाकीच्या दांड्यांना ३८ × २.५ किंवा ४० × २.० मिमी. पाइप शिवण नसलेला, थंड ओढलेला कार्बन स्टील, ताण किमान ३५० न्यूटन प्रति चौ. मिमी. केजच्या पायाखाली ३ मिमी जाडीची, १२० चौ. सेंमी क्षेत्राची पट्टी, प्रत्येक पायाला किमान तीन एम-८ बोल्ट, ८.८ ग्रेड.

इंजिनाचं गणित आपल्या उन्हाळ्यात करू नका. भुसावळच्या ४५ अंशांत हवा १५ अंशांच्या मानाने नऊ टक्के विरळ असते, टर्बो नसलेलं इंजिन तेवढंच कमी ओढतं. इथे ट्यूनिंग केलेलं इंजिन दक्षिणेत थंड सकाळी जास्त हवा ओढेल आणि मिश्रण पातळ पडेल. टायरलाही तेच. २५ अंशांवर ३० पीएसआय भरला आणि टायर ८० अंशांना पोचला की ३८ होतो. म्हणून दाब थंड असताना कमी ठेवायचा आणि गरम झाल्यावरचा लिहून ठेवायचा. ब्रेक ऑइल डॉट-४ नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी धरलं की हीच मर्यादा १५५ वर येऊ शकते. पॅडल एकदम आत गेलं तर कारण बहुतेक वेळा हे. प्रत्येक शर्यतीआधी बदला.

वाघूर_काठ

केजसाठी ठिबकवाल्यांकडे मिळणारा दीड इंची जीआय पाइप चालेल का? इथे सहज मिळतो, भिंत जाडही आहे.

चोपडा_गॅरेज

नाही. एक, तो शिवणीचा असतो आणि धडकेत शिवणीवर फाटतो. दोन, वरचा जस्ताचा थर वेल्डिंगमध्ये उकळतो, वेल्डमध्ये बुडबुडे राहतात आणि धूर फुप्फुसात जातो. थर घासून काढला तरी शिवण तिथेच राहते. पाइप मुंबई-पुण्याहून मागवा, मिलचं टेस्ट सर्टिफिकेट सोबत घ्या, तपासणीत ते मागतात. मेन हूप एकाच अखंड पाइपचा, मधे जोड नाही. थंडच वाकवायचा, मध्यरेषेची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट, म्हणजे ४५ च्या पाइपला १३५ मिमी. वाकल्यावर कॅलिपरने दोन्ही व्यास मोजा. लहान भागिले मोठा ०.९ च्या खाली गेला तर तो पाइप बाजूला ठेवा आणि दुसरा वाकवा.